मोटारीचा ‘सेल्फ’ : कोठे असतो, कसा चालतो, कसा बदलतात?

मोटारीची किल्ली फिरवली किंवा बटण दाबले, की ‘खर्र खर्र’ असा आवाज होतो आणि लगेच एंजिन सुरू होते. हा आवाज जेमतेम एक-दोन सेकंद टिकतो. त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पण एखाद्या दिवशी तो आवाज आलाच नाही, म्हणजे सगळ्यांना त्याची आठवण होते! कोणाला दवाखान्यात न्यायचे असते, कोणाची गाडी चुकणार असते, आणि मोटार मात्र जागची हलत नाही.

या दोन सेकंदांत काम करणाऱ्या यंत्राला स्टार्टर मोटर म्हणतात. आपल्याकडे गॅरेजमध्ये मात्र त्याला सरळ ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ-स्टार्टर’ या जुन्या नावाचा पुढचा भाग गळून पडला आणि एवढेच उरले. गाडी सुरू झाली नाही, की ‘सेल्फ गेला’ असा निकाल बहुधा ताबडतोब दिला जातो. नवा सेल्फ घ्यायचा तर काही हजार रुपये लागतात. तो बसवूनही गाडी सुरू झाली नाही, तर? तसेही घडते, कारण पुष्कळदा दोष सेल्फमध्ये नसतोच. तो नेमका कोठे आहे हे शोधायला लागणारे बरेचसे ज्ञान तुमच्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. ओहमचा नियम, विद्युत्‌धारेचा चुंबकीय परिणाम आणि विद्युत चलित्राचे तत्त्व, एवढी शिदोरी आपल्याला पुरेल.

एंजिनला पहिला धक्का का लागतो?

विजेचा पंखा बटण दाबताच फिरू लागतो. मग पेट्रोलचे एंजिन आपोआप का सुरू होत नाही? याचे उत्तर एंजिनाच्या कामाच्या क्रमात आहे. सिलिंडरमध्ये दट्ट्या खाली जाताना पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. मग दट्ट्या वर येताना ते दाबले जाते. त्यानंतर ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि तापलेले वायू दट्ट्याला जोराने खाली ढकलतात. शेवटी जळालेले वायू बाहेर टाकले जातात. या चार पायऱ्यांपैकी शक्ती मिळते ती फक्त तिसऱ्या पायरीत. पहिल्या दोन पायऱ्यांसाठी शक्ती खर्च करावी लागते. एंजिन एकदा फिरू लागले, की जड गतिचक्रात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा हा खर्च भागवते. पण एंजिन थांबलेले असताना ही पहिली गुंतवणूक करणार कोण? ती बाहेरूनच करावी लागते.

ही गुंतवणूक लहानसहान नसते. मिश्रण दाबले जाताना सिलिंडरातील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलोग्रॅम भारापर्यंत चढतो. दट्ट्याचा व्यास ७ सेंटिमीटर धरला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर होते. म्हणजे दट्ट्या अगदी वर पोचतो त्या क्षणी त्याच्यावर जवळजवळ ३८० किलोग्रॅम भार असतो! शिवाय वंगणतेलाचे घर्षण असतेच. ही सर्व अडचण पार करून एंजिनाला मिनिटाला साधारण २०० फेरे या वेगाने फिरवावे लागते, तेव्हा कोठे ते स्वतःच्या बळावर चालू लागते.

हँडल आणि मोडलेली मनगटे

मोटारींच्या सुरुवातीच्या काळात हे काम माणसाच्या हाताने होत असे. गाडीच्या पुढच्या बाजूला असलेल्या भोकातून Z च्या आकाराचे लोखंडी हँडल घालायचे आणि ते जोराने फिरवायचे. आपल्याकडेही जुन्या अँबॅसिडर गाड्यांना आणि जीपना अशी हँडले असत. तुमच्या आजोबांना विचारा. हँडल मारून गाडी चालू केल्याची आठवण ते सांगू शकतील.

या पद्धतीत धोका होता. दट्ट्या पुरता वर पोचण्याआधीच ठिणगी पडून मिश्रण पेटले, तर दट्ट्या उलट दिशेने ढकलला जाई आणि हँडल फिरवणाऱ्याच्या हाताला जबरदस्त उलटा फटका बसे. अंगठे उखडत, मनगटे मोडत. म्हणून हँडल धरताना अंगठा मुठीत न वळवता इतर बोटांच्या बाजूलाच ठेवावा, असे अनुभवी चालक शिकवीत.

यावर उपाय शोधला तो अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने. मोटारींकडे वळण्यापूर्वी तो दुकानातील रोकड नोंदणाऱ्या यंत्रांच्या कारखान्यात होता आणि हाताने फिरवायच्या त्या यंत्राला त्याने विजेची मोटर बसवली होती. तेथे त्याच्या लक्षात एक महत्त्वाची गोष्ट आली. मोटरने दिवसभर काम करायचे असेल तर ती मोठी हवी. पण क्षणभरच काम करायचे असेल, तर लहान मोटरकडूनही तिच्या आकाराच्या मानाने खूप जास्त काम घेता येते, कारण ती तापण्यापूर्वीच काम संपते. हाच विचार त्याने मोटारगाडीला लावला. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांवर त्याचा विजेचा स्टार्टर बसवला गेला. फोर्डच्या प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडीला तो १९१९ सालापासून मिळू लागला. गाडी सुरू करायला दणकट दंडांची गरज उरली नाही. म्हातारी माणसे, बायका, किरकोळ प्रकृतीची माणसे, कोणीही गाडी एकट्याने घेऊन जाऊ लागले.

मोटर लहान, काम मोठे

सेल्फ ही सरळ धारेवर, म्हणजे बॅटरीच्या डी.सी. विजेवर चालणारी मोटर आहे. तिच्यामध्ये फिरणारा गाभा असतो. त्याला आर्मेचर म्हणतात. त्याच्यावर तांब्याच्या जाड पट्ट्यांची वेटोळी असतात. त्यांना वीज पुरवण्यासाठी दिक्परिवर्तकावर कार्बनचे ठोकळे टेकलेले असतात. भोवताली चुंबकीय क्षेत्र असते. जुन्या पद्धतीच्या सेल्फमध्ये हे क्षेत्र निर्माण करणारी वेटोळी आर्मेचरला एकसरीत जोडलेली असतात. आजच्या अनेक लहान गाड्यांत त्याऐवजी कायमचे चुंबक वापरतात. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम दोन्हींना सारखाच लागू पडतो.

आता थोडा हिशेब करू. बॅटरीचे विभवांतर १२ व्होल्ट आहे. बॅटरीच्या आतला रोध, केबलचा रोध आणि मोटरच्या वेटोळ्यांचा रोध मिळून सुमारे ०.०३ ओहम धरू. मोटर अजून फिरू लागलेली नाही, अशा पहिल्या क्षणी धारा किती?

धारा = १२ ÷ ०.०३ = ४०० अँपिअर!

घरातील पंख्यातून अर्धा अँपिअरही धारा वाहत नाही, हे ध्यानात घ्या. पण ही धारा क्षणभरच टिकते. आर्मेचर फिरू लागले, की त्याच्या वेटोळ्यांत चुंबकीय क्षेत्रामुळे एक नवे विभवांतर प्रवर्तित होते, आणि ते बॅटरीच्या विरुद्ध दिशेने असते. मोटर जितकी वेगाने फिरेल तितके हे उलट विभवांतर जास्त. समजा ते ७.५ व्होल्ट झाले. मग धारा ढकलायला उरले ४.५ व्होल्ट, आणि धारा झाली ४.५ ÷ ०.०३ = १५० अँपिअर. लहान पेट्रोल गाडीचे एंजिन फिरवताना साधारण एवढी धारा वाहते.

या वेळी बॅटरी १२ × १५० = १,८०० वॉट शक्ती देत असते. त्यांपैकी ७.५ × १५० = १,१२५ वॉट एंजिन फिरवण्याच्या कामी येतात. म्हणजे पाण्याच्या बाटलीएवढी ही मोटर दीड अश्वशक्तीचे काम करते! उरलेल्या ६७५ वॉटची नुसती उष्णता होते. म्हणूनच सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि पुन्हा मारण्यापूर्वी निदान अर्धा मिनिट थांबावे. दोन-तीन सेकंदांसाठीच बनवलेली मोटर मिनिटभर चालवली, तर वेटोळ्यांवरचे आवरण जळून जाते.

मग बॅटरी लगेच रिकामी होत नाही काय? पाहू. १५० अँपिअर धारा ३ सेकंद वाहिली, तर प्रभार झाला ४५० कूलोम. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३५ × ३,६०० = १,२६,००० कूलोम असतात. म्हणजे एकदा गाडी सुरू करायला बॅटरीतील प्रभाराचा २८० वा हिस्सा पुरतो, आणि एंजिन चालू होताच अल्टरनेटर तो भरून काढू लागतो.

बळ वाढवण्याची आणखी एक युक्ती दात्यांची आहे. फ्लायव्हीलच्या कडेला पोलादी दात्यांची मोठी कडी बसवलेली असते. सेल्फच्या टोकाला लहानसे दंतचक्र असते. समजा लहान चक्राला ९ दाते आणि मोठ्या कडीला १०८ दाते आहेत. तर सेल्फचे १२ फेरे होतील तेव्हा एंजिनाचा एक फेरा होईल. वेग बारावा हिस्सा होतो, पण फिरवण्याचा जोर बारा पट होतो. पुष्कळ नव्या सेल्फच्या पोटात आणखी एक दंतचक्रांची जोडणी असते. त्यामुळे मोटर आणखी लहान करता येते.

नालकुंतलाची दोन कामे

येथे एक अडचण येते. एंजिन सुरू झाल्यावर ते मिनिटाला ३,००० फेरे घेऊ लागले आणि दाते अडकलेलेच राहिले, तर बिचाऱ्या सेल्फला ३६,००० फेरे घ्यावे लागतील! आर्मेचरवरील तांब्याची वेटोळी केंद्रोत्सारी बलाने सुटून सेल्फचा चुराडा होईल. म्हणून लहान दंतचक्र हे हवे तेव्हाच पुढे सरकून दात्यांत अडकले पाहिजे आणि काम संपताच मागे आले पाहिजे.

हे काम नालकुंतल करते. पुस्तकातले नालकुंतल म्हणजेच गॅरेजमधला ‘सोलेनॉइड’. सेल्फच्या पाठीवर एक लहान नळकांडे बसलेले दिसते, ते हेच. किल्ली फिरवली की त्याच्या वेटोळ्यांतून धारा वाहते आणि आतला लोखंडी दांडा ओढला जातो. दांड्याचे एक टोक तरफेने दंतचक्राला पुढे ढकलते. दुसऱ्या टोकाशी तांब्याची जाड चकती असते. ती दोन मोठ्या टोकांवर जाऊन टेकते आणि बॅटरीची प्रचंड धारा मोटरमध्ये सोडते. आधी दाते जुळतात, मग मोटर जोराने फिरते. किल्ली सोडली की स्प्रिंग सर्व काही मागे खेचते. किल्लीच्या बारीक तारेतून शेकडो अँपिअर न्यायची गरजच पडत नाही.

शिवाय दंतचक्रात एकाच दिशेने जोर देणारा क्लच असतो. सायकल उतारावर धावताना तुम्ही पायडल थांबवता, तरी चाक फिरत राहते ना? अगदी तसेच. एंजिन सेल्फच्या पुढे धावू लागले, की दंतचक्र मोकळे फिरते. या सगळ्या जोडणीला आपले कारागीर ‘बेंडिक्स’ म्हणतात.

सेल्फ शोधावा कोठे?

आता तुम्ही स्वतःच सांगू शकाल. सेल्फला फ्लायव्हीलच्या दात्यांशी गाठ घ्यायची आहे, म्हणून तो फ्लायव्हीलजवळच असणार. फ्लायव्हील असते एंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यात. तेव्हा तो सांधा शोधा. एंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असेल, तर सांधा मागच्या बाजूला, चालकाच्या पायांच्या पुढे येतो. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत एंजिन आडवे असते. तेथे तो एका बाजूला सापडतो. एक जाड आणि एक त्याच्या पाठीवरचे बारीक, अशी दोन नळकांडी चिकटून बसलेली दिसली, की तो सेल्फ समजावा. काही गाड्यांत तो वरून दिसतच नाही. गाडी उचलून खालून पाहावे लागते. दिसत नसेल तर बॅटरीच्या धन टोकापासून निघालेल्या जाड केबलचा माग काढा. ती सेल्फवर जाऊन पोचते.

आवाजावरून निदान

डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात, तसे आपणही किल्ली फिरवून कान द्यावा.

काहीच आवाज नाही : सोलेनॉइडपर्यंत धारा पोचत नाही. बॅटरी पूर्ण उतरली असेल, बारीक तार सुटली असेल, रिले किंवा किल्लीचा स्विच बिघडला असेल. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, हेही आठवा.

टक-टक-टक-टक असा जलद आवाज : बहुधा बॅटरी उतरलेली किंवा जोड सैल. सोलेनॉइड ओढला जातो, मोठी धारा सुरू होते, त्याबरोबर विभवांतर कोसळते, सोलेनॉइडचे चुंबकत्व अपुरे पडते आणि दांडा मागे जातो. धारा थांबताच विभवांतर पुन्हा वाढते आणि दांडा पुन्हा ओढला जातो. शाळेतील विजेची घंटा अशाच रीतीने वाजते!

एकच दणदणीत ‘टक्’ आणि मग शांतता : सोलेनॉइड आपले काम करतो, पण मोटर फिरत नाही. आतली तांब्याची चकती जळून काळी पडली असेल, कार्बन झिजले असतील, अथवा वाटेत रोध वाढला असेल.

मोटर गुंईऽ करून फिरते, एंजिन मात्र जागच्या जागी : बेंडिक्सचा क्लच घसरतो किंवा दंतचक्र पुढे सरकत नाही.

खरखरीत कर्कश आवाज : दाते झिजले आहेत.

दिवे लख्ख, पण सेल्फ मुका

‘बॅटरी चांगलीच आहे, दिवे बघा कसे लख्ख लागतात!’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल. ते नेहमी खरे का नसते, हे आता पाहू.

समजा बॅटरीच्या टोकावर पांढरट-हिरवट क्षार जमला आहे आणि त्यामुळे तेथे फक्त ०.०५ ओहम जादा रोध आला आहे. पुढच्या दोन मोठ्या दिव्यांना मिळून १० अँपिअर धारा लागते. जोडावर खर्ची पडणारे विभवांतर १० × ०.०५ = ०.५ व्होल्ट. दिव्यांना अर्धा व्होल्ट कमी मिळाला तर कोणाच्या लक्षातही येणार नाही.

पण सेल्फचे काय? एकूण रोध ०.०३ होता, तो झाला ०.०८ ओहम. स्थिर मोटरमधून आता जास्तीत जास्त १२ ÷ ०.०८ = १५० अँपिअर जाऊ शकतात. पूर्वी ४०० जात होते. पहिल्या हिसक्याचा जोर निम्म्याहूनही कमी झाला, आणि दट्ट्यावरचा तो ३८० किलोग्रॅम भार हलेनासा झाला. शिवाय या १५० अँपिअरसाठी त्या जोडावरच १५० × ०.०५ = ७.५ व्होल्ट खर्ची पडतात. मिठाच्या चिमटीएवढ्या क्षारात बॅटरीचे निम्म्याहून अधिक विभवांतर गडप! तेथे निर्माण होणारी उष्णताही हजार वॉटच्या वर असते. जोड गरम होतो तो यामुळेच.

हा दोष शोधण्याची रीत सोपी आहे. व्होल्टमीटरचे एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरे त्याच खुंटावर बसवलेल्या पकडीवर टेकवावे. दुसऱ्या कोणी किल्ली फिरवावी. जोड स्वच्छ असेल तर काटा शून्याजवळच राहतो. तो एक-दोन व्होल्ट दाखवू लागला, तर चोर सापडला! मग खुंट व पकड कोमट पाण्यात कालवलेल्या खाण्याच्या सोड्याने धुऊन, घासून, घट्ट बसवावी. ऋण टोकाची केबल जेथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते, तो जोडही असाच तपासावा. बॅटरीच्या दोन खुंटांमधील विभवांतरही सेल्फ मारताना मोजावे. ते साडेनऊ व्होल्टच्या खाली गेले, तर बॅटरी भारित करून पुन्हा तपासली पाहिजे. हे सर्व ठीक असेल, तरच सेल्फ उतरवायला हात घालावा.

सेल्फ बदलताना

मित्रांनो, हे काम तुम्ही एकट्याने करायचे नाही. जाणत्या कारागिराशेजारी उभे राहून पाहा, आणि प्रत्येक पायरीला ‘असे का?’ म्हणून विचारा. पायऱ्या अशा :

१. गाडी सपाट जागी उभी करून हातब्रेक ओढावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि किल्ली काढून घ्यावी. हातातील अंगठी, कडे, धातूचे घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये अंगठी सापडली, तर क्षणात लाल होऊन बोट भाजते.

२. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे. का बरे? आजच्या गाड्यांत ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असते. धन टोकाचा नट सैल करताना पाना चुकून सांगाड्याला लागला, तर शेकडो अँपिअर धारा पान्यातून वाहील, ठिणग्या उडतील, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन भडकू शकेल. ऋण टोक सोडवताना पाना सांगाड्याला लागला तरी काही बिघडत नाही, कारण दोन्हींचे विभव एकच आहे. जोडताना क्रम उलटा : ऋण टोक सर्वांत शेवटी.

३. खालून काम करायचे असेल, तर गाडी जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकच्या किंवा विटांच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जीवाशी खेळ आहे. जॅक घसरतो, वीट फुटते.

४. सोलेनॉइडवरील जाड केबल आणि बारीक तार सोडवावी. कोणती कोठे होती, याचे चित्र काढून ठेवावे.

५. सेल्फ दोन किंवा तीन बोल्टांनी गिअरबॉक्सच्या घुमटाला बसवलेला असतो. शेवटचा बोल्ट काढण्यापूर्वी त्याला खालून आधार द्यावा. तो दिसतो लहान, पण तीन-चार किलोग्रॅम वजनाचा लोखंड-तांब्याचा गोळा तोंडावर पडला तर?

६. सेल्फ काढल्यावर त्या भोकातून फ्लायव्हीलचे दाते पाहावेत, एंजिन हाताने हळूहळू फिरवून सगळी कडी पाहावी. येथे एक गंमत दिसते. चार सिलिंडरांच्या जुन्या एंजिनात दाते सगळीकडे सारखे झिजलेले नसतात. समोरासमोरच्या दोन ठिकाणी जास्त झिजलेले असतात. एंजिन बंद करताना ते कोणत्या तरी दट्ट्याखालच्या दाबलेल्या हवेला अडून थांबते, आणि अशा जागा अर्ध्या-अर्ध्या फेऱ्याने येतात. त्यामुळे सेल्फचे दंतचक्र वर्षानुवर्षे त्याच दात्यांवर जाऊन आदळत राहते.

७. जुना सेल्फ लगेच भंगारात टाकू नये. झिजलेले कार्बन किंवा बुश बदलून तो पुष्कळदा पुन्हा चांगला चालतो. नवा घ्यायचा तर जुन्याशेजारी ठेवून दात्यांची संख्या, बोल्टची भोके आणि फिरण्याची दिशा ताडून पाहावी.

८. बसवण्यापूर्वी सेल्फ आणि घुमट यांचे एकमेकांवर टेकणारे पृष्ठभाग घासून स्वच्छ करावेत. सेल्फला बहुधा ऋण टोकाची वेगळी तार नसते. धारा त्याच्या अंगातूनच सांगाड्यात परत जाते. तेथे गंज किंवा रंग राहिला, तर ०.०५ ओहमची ती जुनीच कहाणी पुन्हा सुरू! बोल्ट आळीपाळीने सारखे आवळावेत, मग तारा जोडाव्यात आणि अखेरीस बॅटरीचे ऋण टोक.

आणखी एक इशारा. सोलेनॉइडची दोन टोके स्क्रूड्रायव्हरने जोडून गाडी सुरू करण्याची खटपट कोणी करत असेल, तर तुम्ही लांब राहा. गाडी गिअरमध्ये असेल, तर सुरू होताच ती समोरच्या माणसावर झेप घेते.

घरी करून पाहा

खेळण्यातील लहान मोटर, टॉर्चचा तारेचा जुना बल्ब (एलईडी चालणार नाही) आणि दीड व्होल्टचे दोन सेल घ्या. सगळे एकसरीत जोडा. मोटर मोकळी फिरत असताना बल्ब मंद लागेल. आता मोटरचा दांडा बोटांनी धरून थांबवा. बल्ब एकदम उजळेल! फिरण्यामुळे निर्माण होणारे उलट विभवांतर नाहीसे झाले आणि धारा वाढली. गाडीच्या सेल्फमध्ये पहिल्या क्षणी ४०० अँपिअर का वाहतात, हे या लहानशा प्रयोगात डोळ्यांनी दिसते. दांडा जास्त वेळ धरून ठेवू नका, मोटर तापेल.

आज विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या आहेत. त्यांना सेल्फ नसतोच, कारण त्यांच्या मोटरला पहिला धक्का लागत नाही. काही संकरित गाड्यांत मुख्य विजेची मोटरच एंजिनालाही फिरवते. उलट सिग्नलला थांबताच एंजिन बंद करून पुन्हा आपोआप सुरू करणाऱ्या पेट्रोल गाड्यांत सेल्फला दिवसातून कितीतरी वेळा काम पडते, म्हणून तो अधिक टिकाऊ बनवावा लागतो.

जाता जाता एक प्रश्न. लहान मोटारींत १२ व्होल्टची विद्युत्‌योजना असते, पण मोठ्या ट्रकमध्ये आणि एस. टी. च्या बसमध्ये दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्ट करतात. सेल्फने तेवढीच शक्ती घ्यायची, तर धारा किती होईल? आणि ०.०५ ओहमच्या त्याच खराब जोडावर आता किती व्होल्ट वाया जातील? वही काढा आणि हिशेब करून पाहा.